दीड किलोचा निकाल

28 जुलै 2024, रविवार. बेल्जियममधल्या आर्देनच्या जंगलातून चढउतार घेत जाणाऱ्या स्पा-फ्रँकोरशाँच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत संपली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ वाजत आले होते. मर्सिडीजचा जॉर्ज रसेल पहिला आला. त्याच्या मागे अवघ्या 0.526 सेकंदावर त्याच संघाचा लुईस हॅमिल्टन आणि तिसरा मॅकलॅरेनचा ऑस्कर पियास्ट्री. रसेलने सहाव्या जागेवरून सुरुवात केली होती. त्याच्याशी झुंजणारे बाकीचे ड्रायव्हर टायर बदलायला दोनदा थांबले, हा एकदाच थांबला आणि झिजलेल्या टायरवर शेवटपर्यंत तग धरून जिंकला. पोडियमवर राष्ट्रगीत झाले, करंडक दिले गेले, शॅम्पेन उडाली.

मग त्याची गाडी काट्यावर चढली.

पहिल्या वजनाला आकडा आला 798.0 किलो. त्या वर्षीच्या नियमानुसार गाडी आणि ड्रायव्हर मिळून किमान वजन 798 किलोच भरायला हवे होते, पण टाकीतले इंधन वगळून. उरलेले इंधन काढले, गाडी पुन्हा काट्यावर घेतली. आता आकडा आला 796.5. दुसऱ्या काट्यावर पडताळा घेतला, तिथेही तेच. दोन्ही काटे बरोबर असल्याची खात्री संघाच्या माणसांसमोर करून घेतली गेली. मर्सिडीजने चूक मान्य केली. दीड किलोची तूट होती, तेवढ्यावर रसेलचे नाव निकालातून गेले. हॅमिल्टनच्या खात्यावर 105 वा विजय लागला, पियास्ट्री दुसरा झाला आणि फेरारीचा शार्ल लक्लेर तिसरा.

त्या संध्याकाळी अनेकांना वाटले की ही शिक्षा अपराधाच्या मानाने फार मोठी झाली. ज्या खेळात ड्रायव्हर दुसऱ्याला धडक देतो आणि पाच-दहा सेकंद भरून मोकळा होतो, तिथे दीड किलोसाठी संपूर्ण विजय जावा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना एक गोष्ट लक्षात येते. फॉर्म्युला वनमध्ये शिक्षा दोन जातींच्या आहेत. पहिल्या जातीला भाव आहे: पाच सेकंद, दहा सेकंद, सुरुवातीच्या रांगेतल्या, म्हणजे ग्रिडवरच्या दहा जागा. संघ तो भाव हिशेबात धरतात आणि परवडला तर मोजतात. दुसऱ्या जातीला भावच नाही. या दोहोंमधली सीमा समजली की या खेळातली निम्मी डावपेचांची भाषा समजते.

थांबायचे किती वेळा?

आधी रसेलचा डाव पाहू. फॉर्म्युला वनच्या पिट स्टॉपमध्ये चार टायर दोन-अडीच सेकंदांत बदलले जातात. पण खरा खर्च त्या अडीच सेकंदांचा नसतो. ट्रॅकवर प्रतिस्पर्धी ताशी तीनशे किलोमीटरने धावत असतात आणि तुम्ही पिट लेनमध्ये 80 च्या मर्यादेत सरकत असता. आत येणे, थांबणे, बाहेर पडणे असे सगळे धरून एका थांब्यामागे साधारण वीस सेकंद जातात. ट्रॅकप्रमाणे थोडे कमी-जास्त.

कोरड्या शर्यतीत प्रत्येकाला किमान दोन वेगवेगळ्या कंपाउंडचे टायर वापरावेच लागतात, म्हणून निदान एक थांबा सक्तीचा. दुसरा थांबा घ्यायचा की नाही, हा सौदा आहे. वीस सेकंद मोजा आणि ताजे टायर घ्या. ताजा टायर फेरीला एक सेकंद वाचवत असेल आणि वीसपेक्षा जास्त फेऱ्या उरल्या असतील, तर पैसे वसूल. नसतील, तर बाहेरच राहा. पिट वॉलवर बसलेले आणि कारखान्यात संगणकांसमोर बसलेले स्ट्रॅटेजिस्ट हेच गणित दर फेरीला पुन्हा मांडतात. रहदारीत अडकू का, पुढचा आधी थांबला तर काय, अपघातामुळे सगळ्यांचा वेग आवरणारी सेफ्टी कार आली तर काय, हे सगळे त्यात येते.

रसेल दहाव्या फेरीला थांबला आणि त्याने हार्ड टायर घेतले. हे टायर उरलेल्या 34 फेऱ्या चालतील, असे सुरुवातीला कुणी धरले नव्हते. शर्यत अर्ध्यावर आली तरी त्याचा वेग टिकून होता, तेव्हा तोच रेडिओवरून एका थांब्याचा विचार करा म्हणून सांगू लागला. बाकीचे दुसऱ्यांदा आत गेले आणि तो आघाडीवर आला. शेवटच्या फेऱ्यांत हॅमिल्टन कितीतरी ताज्या टायरवर त्याच्या मागे येऊन चिकटला, पण पुढे जाऊ शकला नाही. ड्रायव्हरची नजर आणि संघाचा हिशेब जुळून आलेला तो विजय होता.

आणि त्याच डावात वजनाची तूट लपलेली होती, असे मानायला जागा आहे.

काटा काय मोजतो

गाडी शर्यतभर झिजते. इंधन जळते ते मोजणीत धरत नाहीत, पण ब्रेक झिजतात, गाडीच्या पोटाखालची फळी घासते, ड्रायव्हरचा घाम जातो आणि टायरचे रबर रस्त्यावर उरते. रबराची ही घट चार टायर मिळून किलोंच्या हिशेबात जाते. दोनदा थांबणारा ड्रायव्हर शेवटच्या टप्प्यात त्यामानाने जाड टायरवर असतो. एकदाच थांबणारा 34 फेऱ्या घासलेल्या टायरवर रेषा ओलांडतो. काट्यावर गाडी जाते ती त्याच टायरसकट.

यात स्पाची एक अडचण आहे. बहुतेक ट्रॅकवर शर्यत संपल्यावर ड्रायव्हर एक सावकाश फेरी मारतात आणि रेसिंग लाइनच्या बाहेर पडलेले रबराचे तुकडे मुद्दाम टायरला चिकटवून घेतात. तेवढेच वजन भरून येते. स्पाचा ट्रॅक सात किलोमीटरचा आहे, आणि तिथे शर्यतीनंतर गाड्या पूर्ण फेरी न मारता जवळच्या वाटेने पिट लेनमध्ये वळतात. रबर वेचायची संधी मिळत नाही.

मग संघ पाच-सहा किलो जादा का ठेवत नाहीत? कारण वजन म्हणजे वेळ. ढोबळ हिशेबाने दहा किलोंमागे फेरीला 0.3 सेकंद जातात. दीड किलो म्हणजे फेरीला साधारण 0.045 सेकंद. 44 फेऱ्यांत दोन सेकंद. रसेल जिंकला होता अर्ध्या सेकंदाने. खरे तर हा हिशेब त्याच्यावर थोडा अन्याय करतो. तूट रबर झिजून आली असेल, तर गाडी पहिल्या फेरीपासून हलकी नव्हती, शेवटी शेवटी झाली. पण दीड किलो म्हणजे काहीच नाही, हे म्हणणे किती फसवे आहे ते यातून दिसते.

किमान वजनाच्या नियमाची मुळे दोन. एक सुरक्षेचे: वजनाला तळ नसेल, तर संघ गाडीची मजबुती खरवडत जातील. दुसरे माणसाच्या शरीराचे. ड्रायव्हरचे वजन एकूण वजनात धरले जात असल्याने उंच, थोराड ड्रायव्हरांवर उपाशी राहायची पाळी येई. म्हणून 2019 मध्ये ड्रायव्हर आणि त्याची सीट मिळून किमान 80 किलो असा वेगळा नियम झाला. ड्रायव्हर हलका असेल तर उरलेला भार सीटपाशीच बसवायचा. त्यामुळे जेवण सोडून गाडी वेगवान करण्याचा मार्ग बंद झाला.

नियम इतका कडक होण्यामागे इतिहास आहे. 1982 च्या ब्राझील ग्रांप्रीत काही गाड्यांवर ‘ब्रेक थंड करण्यासाठी’ म्हणून पाण्याच्या टाक्या होत्या. पाणी सुरुवातीलाच सांडून द्यायचे, हलक्या गाडीने धावायचे आणि वजनाआधी टाकी पुन्हा भरायची, असा तो प्रकार. पहिला आलेला नेल्सन पिके आणि दुसरा आलेला केके रोझबर्ग दोघेही बाद झाले आणि विजय अलँ प्रोस्टला मिळाला. 1984 मध्ये टिरेल संघाच्या गाड्यांत शर्यतीच्या शेवटी पाण्याबरोबर शिशाचे छर्रे भरले जात असल्याचे उघड झाले. त्या संघाचे पूर्ण हंगामाचे निकाल पुसले गेले. 2005 च्या सान मारिनो ग्रांप्रीनंतर बीएआरच्या जेन्सन बटनच्या गाडीतले सर्व इंधन काढले, तेव्हा 600 किलोंऐवजी 594.6 किलो भरले. गाडीत इंधनाची एक वेगळी आतली टाकी होती. बटनचे तिसरे स्थान गेले आणि संघावर पुढच्या दोन शर्यतींची बंदी आली.

त्या तीन प्रकरणांत आणि रसेलच्या प्रकरणात फरक आहे. मर्सिडीजने फसवले नव्हते. पण काटा हेतू मोजत नाही. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या संहितेतच लिहिले आहे की तांत्रिक नियम मोडला असेल तर ‘त्यातून फायदा झाला नाही’ हा बचाव चालणार नाही.

आठ महिन्यांनी, 23 मार्च 2025 ला शांघायमध्ये असाच प्रकार घडला. त्या वर्षी किमान वजन 800 किलो होते. शर्यतीला दोन थांबे लागतील असे सगळ्यांनी धरले होते, प्रत्यक्षात ती एका थांब्यात निभावली. पाचवा आलेल्या लक्लेरची गाडी इंधन काढल्यावर 799 किलो भरली. अल्पिनच्या पियेर गॅसलीची गाडीही एक किलोने कमी. दोघेही बाद. एक थांबा वाचवल्यामुळे टायर जास्त झिजले आणि वजन घटले, असे फेरारीने सांगितले. म्हणजे पिट वॉलवर घेतलेला निर्णय काट्यावर जाऊन उमटला. थांबे मोजणाऱ्याने किलोही मोजायला हवेत, हा धडा दोन मोठ्या संघांना आठ महिन्यांच्या अंतराने मिळाला.

ज्यांचा भाव ठरला आहे

आता पहिल्या जातीच्या शिक्षा. पिट लेनमध्ये वेग ओलांडला, दुसऱ्याला ट्रॅकबाहेर ढकलले, ट्रॅक सोडून फायदा घेतला, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक केला, तर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, पाच किंवा दहा सेकंदांची शिक्षा देतात. पुढचा पिट स्टॉप शिल्लक असेल तर ती तिथेच भरायची, नसेल तर शेवटी एकूण वेळेत मिळवली जाते. त्याहून जड शिक्षा म्हणजे ड्राइव्ह-थ्रू: पिट लेनमधून मर्यादित वेगाने न थांबता जायचे. त्याहून जड म्हणजे आत येऊन दहा सेकंद थांबायचे आणि तोवर गाडीला हातही लावायचा नाही.

शिक्षा भरताना काय होते ते जवळून पाहावे. गाडी आपल्या चौकटीत येऊन थांबते. समोर आणि मागे जॅक घेऊन दोघे वाकलेले, चार चाकांपाशी गन घेतलेले मेकॅनिक गुडघ्यावर, नवे टायर हातांत तयार. आणि सगळे स्तब्ध. एक माणूस सेकंद मोजतो. पाच पूर्ण झाल्यावरच गन चाकाला लागायची. एरवी दोन सेकंदांत चार चाके बदलणाऱ्या माणसांना पाच सेकंद निव्वळ थांबणे जड जाते. 2023 च्या बहारीन ग्रांप्रीत अल्पिनचा एस्तेबान ओकॉन ग्रिडवर आपल्या चौकटीत नीट उभा नव्हता म्हणून त्याला पाच सेकंदांची शिक्षा मिळाली. ती भरताना मेकॅनिकांनी 4.6 सेकंदांनाच काम सुरू केले. 0.4 सेकंदाच्या घाईसाठी आणखी दहा सेकंद लागले. त्यानंतर पिट लेनमध्ये वेग ओलांडला म्हणून पुन्हा पाच.

ओकॉनच्या बाबतीत या चुका होत्या. पण भाव ठरला की कुणीतरी तो जाणूनबुजून मोजणारच. मार्च 2024 मध्ये जेद्दाला हासच्या केविन मॅग्नुसनला दहा-दहा सेकंदांच्या दोन शिक्षा झाल्या. त्याची स्वतःची शर्यत तिथेच संपल्यात जमा होती. मग त्याने आपला वेग आवरून मागच्या गाड्यांचा तांडा अडवून धरला. पुढे असलेल्या सहकारी निको हल्केनबर्गला तेवढ्यात इतकी मोकळीक मिळाली, की तो पिट स्टॉप करूनही त्या तांड्याच्या पुढे बाहेर पडला. हल्केनबर्ग दहावा आला आणि हासला हंगामातला पहिला गुण मिळाला. मॅग्नुसनचे वीस सेकंद संघाच्या एका गुणात बदलले.

नियम करणाऱ्यांना ही पळवाट ठाऊक आहे, म्हणून सेकंदांशिवाय आणखी एक वही ठेवली जाते. ड्रायव्हरच्या परवान्यावर दंडगुण चढतात, आणि बारा महिन्यांत बारा झाले की एका शर्यतीची बंदी. त्याच 2024 च्या हंगामात मॅग्नुसनचे बारा भरले आणि त्याला बाकूच्या शर्यतीला मुकावे लागले.

भावाच्या शिक्षेची सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र 1998 ची, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची. पावसात, सेफ्टी कारच्या वेळी फेरारीच्या मायकेल शूमाकरने एका गाडीला ओलांडले. शिक्षा लागली, पण स्टुअर्डांनी ती उशिरा आणि संदिग्ध शब्दांत कळवली. फेरारीने शूमाकरला शेवटच्या फेरीत पिट लेनमध्ये बोलावले. अंतिम रेषा पिट लेनलाही छेदून जाते आणि फेरारीची जागा त्या रेषेच्या पुढे होती. शूमाकरने पिट लेनमध्येच रेषा ओलांडली, शर्यत जिंकली आणि मग थांबून शिक्षा भरली. मॅकलॅरेनचा आक्षेप टिकला नाही, शिक्षाच रद्द धरली गेली आणि त्या तीन स्टुअर्डांनी पुढे आपले परवाने परत केले. शिक्षेचा मजकूर आणि वेळ जितकी ढिली, तितकी डावपेचांना जागा जास्त, हे त्या दिवशी सगळ्या जगाने पाहिले.

इंजिन बदला, जागा सोडा

ग्रिडवरची शिक्षा हाही असाच सौदा आहे. खर्च आटोक्यात राहावा म्हणून प्रत्येक ड्रायव्हरला हंगामात मोजकीच इंजिने मिळतात. 2024 मध्ये 24 शर्यतींना चार. पाचवे घेतले की ग्रिडवर दहा जागा मागे. 2015 मध्ये मॅकलॅरेन-होंडाची इंजिने इतकी बिघडत होती की स्पाला त्यांच्या दोन ड्रायव्हरांना मिळून 105 जागांची शिक्षा झाली, तीही वीस गाड्यांच्या ग्रिडवर. हा आकडा निरर्थक होता. पुढे नियम बदलला आणि शिक्षा पंधरा जागांच्या वर गेली की थेट शेवटी उभे राहायचे, असे ठरले.

संघाला प्रश्न एवढाच असतो, की शिक्षा घ्यायची कुठे? मोनाकोच्या अरुंद रस्त्यांवर ओव्हरटेक जवळजवळ अशक्य, तिथे दहा जागा म्हणजे शर्यत गमावणे. स्पाला लांब सरळ पट्टे आहेत, तिथे मागून वर येता येते. म्हणूनच स्पाला इंजिन बदलणाऱ्यांची गर्दी असते. 2022 मध्ये रेड बुलचा मॅक्स व्हरस्टॅपन तिथे ग्रिड ठरवणाऱ्या क्वालिफाइंगमध्ये पहिला आला, शिक्षेमुळे चौदाव्या जागेवरून सुटला आणि तरीही जिंकला. आपण सुरुवातीला पाहिलेल्या 2024 च्या शर्यतीतही क्वालिफाइंगमध्ये सर्वांत वेगवान तोच होता. पाचव्या इंजिनाने त्याला अकराव्या जागेवर नेले आणि रसेलचे नाव गेल्यावर तो चौथा ठरला. म्हणजे त्या एका रविवारी शिक्षेच्या दोन्ही जाती शेजारी शेजारी होत्या. रेड बुलने दहा जागांचा भाव विचारपूर्वक मोजला आणि चौथ्या क्रमांकाचे गुण घरी नेले. मर्सिडीजला भाव विचारायलाही वाव मिळाला नाही.

दोन्ही जाती एकाच ड्रायव्हरच्या वाट्याला आल्या त्या नोव्हेंबर 2021 मध्ये ब्राझीलच्या इंटरलागोसला. शुक्रवारी क्वालिफाइंगमध्ये हॅमिल्टन सर्वांत वेगवान ठरला. मागच्या पंखातली डीआरएसची, म्हणजे ओव्हरटेकला मदत करणाऱ्या झडपेची फट उघडल्यावर जास्तीत जास्त 85 मिलिमीटर असायला हवी होती. त्याच्या गाडीत एका बाजूला ती जेमतेम 0.2 मिलिमीटरने जास्त भरली. क्वालिफाइंगचा निकाल रद्द. शनिवारच्या 24 फेऱ्यांच्या स्प्रिंट शर्यतीत तो विसाव्या जागेवरून सुटून पाचवा आला. मर्सिडीजने त्याच आठवड्यात नवे इंजिन घेतले होते. त्या वेळी त्याची शिक्षा पाच जागांची, म्हणून स्प्रिंटमधल्या पाचव्या स्थानावरून मागे जाऊन रविवारी तो दहावा उभा राहिला. 59 व्या फेरीत त्याने व्हरस्टॅपनला ओलांडले आणि 71 फेऱ्यांची शर्यत जिंकली. पाच जागांच्या बदल्यात मिळालेली ताज्या इंजिनाची ताकद त्या दोन दिवसांत पुरेपूर वसूल झाली. 0.2 मिलिमीटरच्या बदल्यात मात्र काहीच मिळाले नाही, फक्त गेले.

एक मिलिमीटरची फळी

तांत्रिक नियमांत सर्वांत साधा दिसणारा आणि तरी अनेक बळी घेणारा नियम गाडीच्या पोटाखालच्या फळीचा आहे. 1994 मध्ये आयर्टन सेना आणि रोलंड रात्झेनबर्गर यांचे मृत्यू झाल्यावर गाड्यांचा वेग कमी करण्यासाठी, त्यांना जमिनीपासून वर उचलण्यासाठी ही फळी आली. तिची जाडी 10 मिलिमीटर आणि झीज फक्त एक मिलिमीटर माफ. गाडी फार खाली ठेवली तर फळी घासणार आणि मापात सापडणार. कल्पना सुतारकामाइतकी सोपी आहे. फळी येऊन महिनाही उलटला नव्हता, तोच ऑगस्ट 1994 मध्ये स्पालाच बेनेटनचा मायकेल शूमाकर जिंकूनही तिच्यापायी बाद झाला. गाडी गिरकी घेऊन कर्बवरून गेली तेव्हा फळी खरवडली, असे संघाचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. विजय डेमन हिलला मिळाला.

2022 पासून ही फळी पुन्हा ऐरणीवर आली, कारण त्या वर्षीच्या नव्या गाड्यांना खरी पकड पोटाखालून वाहणाऱ्या हवेतून मिळू लागली. गाडी जितकी जमिनीलगत, तितकी वेगवान. किती खाली जायचे हे सरावाच्या फेऱ्यांत ठरते, आणि तो सरावच कमी पडला की अंदाज चुकतो. ऑक्टोबर 2023 मध्ये ऑस्टिनला स्प्रिंटचा आठवडा होता. एका तासाचा एकच सराव, आणि त्यानंतर गाडीची मांडणी गोठलेली. ट्रॅक खडबडीत. शर्यतीनंतर चार गाड्यांच्या फळ्या तपासल्या, त्यांतल्या दोन घासलेल्या निघाल्या: दुसरा आलेला हॅमिल्टन आणि सहावा आलेला लक्लेर. चारांत दोन सापडल्यावर न तपासलेल्या गाड्यांचे काय, असा प्रश्न उठला. तो प्रश्न योग्यच होता, आणि माझ्या मते या व्यवस्थेची सर्वांत दुबळी बाजूही तीच आहे. ज्या नियमाला माफी नाही, त्याची तपासणी सगळ्यांची व्हायला हवी. शांघायला लक्लेरबरोबर सहावा आलेला हॅमिल्टनही बाद झाला तो याच फळीपायी. आदल्या दिवशीची स्प्रिंट त्याने जिंकली होती.

काटा का हवा

ऑगस्ट 2021 मध्ये हंगेरीत सेबॅस्टियन व्हेटेल दुसरा आला. तपासणीसाठी गाडीतून एक लिटर इंधनाचा नमुना मिळायला हवा, त्याच्या टाकीतून 0.3 लिटरच निघाले. दुसरे स्थान गेले. त्याने त्या इंधनात काही भेसळ केली, असे कुणी म्हटले नाही. पण नमुना नसेल तर भेसळ नाही हे तरी कसे सिद्ध करणार?

इथेच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. धडक, अडवणूक, ट्रॅक सोडणे हे सगळे ट्रॅकवर, हजारो कॅमेऱ्यांसमोर घडते. त्यात दोष कुणाचा, किती, याची चर्चा करता येते, म्हणून तिथे शिक्षा कमी-जास्त होऊ शकते. गाडीच्या आत काय आहे हे प्रेक्षकाला दिसत नाही. दीड किलोला पाच सेकंद असा भाव एकदा लावला, की दुसऱ्याच दिवशी प्रत्येक संघ हिशेब करील: पाच किलो कमी ठेवून सहा-सात सेकंद मिळत असतील, तर पाच भरायला काय हरकत? 1982 च्या पाण्याच्या टाक्या त्याच वाटेने आल्या होत्या. म्हणून माप बसले तर निकाल, नाही तर काहीच नाही. ही कठोरता रसेलसारख्या निष्पापालाही लागते, हे खरे. तरीही ती योग्य आहे, असे मला वाटते. बाकी सगळ्या शिक्षांचे भाव, सगळे डाव, सगळे थांबे यांना अर्थ आहे, तो सगळ्या गाड्या एकाच मापाच्या आहेत या विश्वासावर.

नोव्हेंबर 2025 मध्ये लास व्हेगासला मॅकलॅरेनच्या दोन्ही गाड्यांच्या फळ्या 9 मिलिमीटरच्या खाली भरल्या. विजेतेपदाच्या शर्यतीत आघाडीवर असलेल्या लँडो नॉरिसच्या फळीत सर्वांत कमी माप 8.88 मिलिमीटर होते. तूट 0.12 मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम एका जाड केसाएवढी. त्याचे दुसऱ्या क्रमांकाचे 18 गुण गेले, चौथा आलेल्या पियास्ट्रीचे 12 गेले, आणि संपत आलेली लढत पुन्हा पेटली. दोन शर्यतींनंतर अबू धाबीला हंगाम संपला तेव्हा नॉरिसचे 423 गुण होते आणि व्हरस्टॅपनचे 421.

पुढच्या वेळी युरोपातली शर्यत पाहायला रविवारी संध्याकाळी साडेसहाला बसाल, तेव्हा झेंडा पडल्यावर लगेच उठू नका. त्या वेळी पडद्यावर दिसतो तो तात्पुरता निकाल. खरा निकाल गाड्या काट्यावरून उतरल्यावर लागतो.